ज्युनिअर सोप्रानो गप्प का राहिला? : निष्ठा, मान आणि नावापुरते बॉसपद

शाईपेन

‘द सोप्रानोज’ ही न्यू जर्सीतल्या एका माफिया टोळीवरची मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा पूर्ण पाहिली. एचबीओ वाहिनीवर जानेवारी १९९९ ते जून २००७ या काळात तिचे सहा सीझन आणि ८६ भाग दाखवले गेले. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी हा धागा इथेच बंद करावा, कारण कथानकातले जवळपास सगळे पुढे येणार आहे.

पहिल्यांदा पाहताना माझे लक्ष नायक टोनी सोप्रानोवरून हलले नव्हते. या वेळी मात्र मी त्याच्या काकाकडे, कोराडो ऊर्फ ज्युनिअर सोप्रानोकडे पाहत राहिलो. पहिल्या सीझनमध्ये उत्तर न्यू जर्सीतल्या टोळीची धुरा सांभाळणारा जॅकी अप्रिल कर्करोगाने मरतो. बहुतेक कापोंना, म्हणजे टोळीतल्या पथकप्रमुखांना, टोनी बॉस व्हायला हवा असतो. टोनी स्वतः ज्युनिअरकडे जातो आणि ‘काका, हे पद तुम्हीच घ्या’ असे सांगून त्यांना मखरात बसवतो. निर्णय मात्र पूर्वीप्रमाणे टोनीच घेत राहतो.

मला विचारायचे आहे ते त्याच सीझनच्या शेवटच्या भागाविषयी. ज्युनिअरला अटक झाल्यावर एफबीआयचे अधिकारी त्याच्यासमोर एक प्रस्ताव ठेवतात. तू नावाचाच बॉस होतास आणि सूत्रे पुतण्याच्या हातात होती हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढे मान्य कर, न्यूयॉर्कच्या टोळीविषयी माहिती दे आणि शिक्षेतून वाच. ज्या पुतण्याला त्याने थोड्याच दिवसांपूर्वी मारायला माणसे पाठवली होती, त्याला अडकवण्याची ही आयती संधी होती. तरीही ज्युनिअर नकार देतो.

ही निष्ठा म्हणावी की अहंकार? माझे मत अहंकाराकडे झुकते. आपण बुजगावणे होतो हे कबूल करण्यापेक्षा त्याला तुरुंग पत्करला. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रात्रपाळी

निष्ठा. त्याने टोळीत प्रवेश करताना शपथ घेतली होती आणि त्याच्या पिढीतली माणसे ती पाळत असत. मला यात दुसरा अर्थ दिसत नाही.

गॅलरीतली खुर्ची

शाईपेन, प्रश्न उत्तम आहे, पण त्याचे उत्तर शोधण्याआधी ज्युनिअरला पद कसे मिळाले तो प्रसंग नीट पाहायला हवा.

त्या भागात टोनी डॉ. मेल्फी या आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे आपल्या आईची, लिव्हियाची, तक्रार घेऊन बसलेला असतो. आई वृद्धाश्रमात आहे आणि तिला कशातच समाधान नाही. मेल्फी सुचवते की वृद्ध माणसांना सूत्रे अजून आपल्याच हातात आहेत असे वाटू देणे कधीकधी गरजेचे असते. टोनी हा सल्ला आईसाठी वापरत नाही. तो उठतो आणि काकांकडे जातो. आधीच्या भेटीत ज्युनिअरने त्याला बजावलेले असते की पुन्हा पाऊल टाकशील तर हत्यार घेऊनच ये. टोनी येतो तो बॉसपद देऊ करायला, आणि त्या बदल्यात ब्लूमफील्डचा इलाका आणि रस्त्यांची कामे करणाऱ्यांची युनियन मागून घेतो. आपली पत राखायला एवढे तरी हवे, असे कारण तो देतो. काकांना आपण उदार झालो असे वाटते.

मला हा सौदा संपूर्ण मालिकेतला सर्वांत नेमका राजकीय प्रसंग वाटतो. एका बाजूला पद, दुसऱ्या बाजूला एक गाव आणि एक युनियन. पदाबरोबर गालावरचे मुके आले, मेजवानी आली, टेबलाच्या शिरोभागी खुर्ची आली. गाव आणि युनियन यांच्याबरोबर दर आठवड्याला लिफाफे आले. या टोळीत सत्ता कुठे आहे हे ओळखायचे असेल तर कोण कोणाला वाकून भेटतो हे न पाहता लिफाफा कोणाच्या खिशात थांबतो ते पाहावे.

दोन भागांनंतर ज्युनिअर हेश या टोनीच्या जुन्या सल्लागारावर मागील बाकीपोटी पाच लाख डॉलरचा कर बसवतो. टोनी त्याला उघड विरोध करत नाही. तो न्यूयॉर्कच्या जॉनी सॅकला मध्यस्थ म्हणून आणतो, आकडा अडीच लाखांवर येतो आणि तो आपण न्यायबुद्धीने ठरवला या समाधानात ज्युनिअर बैठकीतून उठतो. पुढे टोनी त्याला ऑगस्टस सीझरची गोष्ट सांगतो: तो कधी एकट्याने जेवत नसे, म्हणून लोक त्याच्यावर प्रेम करत. मग ज्युनिअर ती रक्कम कापोंमध्ये वाटून टाकतो. म्हणजे कर बसवला काकांनी, कमी केला पुतण्याने, वाटायला लावला पुतण्याने आणि दानशूर ठरले काका.

मनोविहार

वरील प्रतिसादाला जोडून एक गोष्ट. त्या भागाच्या ‘पॅक्स सोप्राना’ या शीर्षकात रोमन शांततेचा (‘पॅक्स रोमाना’) जो उल्लेख आहे तो सहज आलेला नाही. ऑक्टेव्हियनने इ. स. पू. २७ मध्ये सर्व अधिकार सिनेटला परत केल्याचे जाहीर केले, सिनेटने त्याला ऑगस्टस ही पदवी दिली, आणि सिनेट भरत राहिले, कॉन्सल निवडले जात राहिले. सैन्य आणि महत्त्वाचे प्रांत मात्र त्याच्याकडेच होते. टोनी काकांना ऑगस्टसची गोष्ट सांगतो तेव्हा काका स्वतःला ऑगस्टस समजतात. त्या खोलीतला खरा ऑगस्टस गोष्ट सांगणारा आहे आणि काका सिनेटच्या जागी आहेत. ऑगस्टसच्या पत्नीचे नावही लिव्हिया होते, हे जाता जाता.

पिंपळपान

मनोविहार, हे फार आवडले. मला मात्र हे वाचताना सातारा आणि पुणे आठवले. १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर छत्रपती साताऱ्यात आणि कारभार शनिवारवाड्यात, अशीच विभागणी झाली होती.

गॅलरीतली खुर्ची

पिंपळपान, ही तुलना सुचणे स्वाभाविक आहे, पण ती मला पटत नाही. पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यावी लागत, त्यांच्याशिवाय त्याचा अधिकार अपुरा मानला जाई. गादीचा मान कारभाऱ्याने निर्माण केलेला नव्हता, तो त्याच्या आधीपासून होता. ज्युनिअरच्या बाबतीत उलटे आहे. इथे वस्त्रे देणारा पुतण्या आहे आणि ती कधीही परत मागू शकणाराही तोच आहे.

जुना वकील

ज्युनिअरची गोष्ट लेखकांनी हवेतून आणलेली नाही, म्हणून अमेरिकेतल्या एका खऱ्या प्रकरणाची माहिती देतो.

न्यूयॉर्कमधल्या जेनोव्हीज टोळीचा बॉस म्हणून १९८०च्या दशकात अँथनी सालेर्नो ओळखला जात असे. ‘फॉर्च्यून’ मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या माफिया म्होरक्यांची क्रमवारी छापली, तेव्हा पहिले नाव त्याचेच होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माफिया म्होरक्यांवरच्या ‘कमिशन’ खटल्यात तो दोषी ठरला आणि जानेवारी १९८७ मध्ये त्याला शंभर वर्षांची शिक्षा झाली. टोळीतून फुटलेल्या व्हिन्सेंट काफारोने सरकारला सांगितले की सालेर्नो केवळ दर्शनी बॉस होता, सूत्रे व्हिन्सेंट जिगांटेकडे होती. सालेर्नो १९९२ मध्ये कैदेतच वारला.

हा जिगांटे मॅनहॅटनच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये बाथरोब घालून, स्वतःशी पुटपुटत फिरत असे, म्हणजे न्यायालयाने त्याला खटला चालवण्यास मानसिकदृष्ट्या अयोग्य ठरवावे. १९९७ मध्ये तो दोषी ठरला आणि आपले वेड हे सोंग होते अशी कबुली त्याने २००३ मध्ये दिली. ज्युनिअर सोप्रानोमध्ये ही दोन्ही माणसे एकत्र आली आहेत असे मला वाटते. आधी तो सालेर्नोसारखी दर्शनी ढाल होतो, नंतर खटला टाळण्यासाठी स्मृतिभ्रंशाची सबब पुढे करतो आणि अखेरीस तो आजार त्याला खरोखरच गाठतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९७० च्या ‘रिको’ कायद्याने दर्शनी बॉसची किंमत फार वाढवली. त्याआधी प्रत्येक गुन्हा सुटा सिद्ध करावा लागे. या कायद्यामुळे संघटना चालवणे हाच गुन्हा ठरवता येऊ लागला, आणि मग संघटनेच्या तक्त्यात सर्वांत वर ज्याचे छायाचित्र असेल त्याच्यावर सरकारचा सगळा भार पडू लागला. हेशच्या कराचा तो भाग आठवा. ज्युनिअरच्या सन्मानार्थ मेजवानी चालू असते, एफबीआयची माणसे गुपचूप छायाचित्रे टिपत असतात, आणि शेवटी कार्यालयातल्या तक्त्यावरचे ज्युनिअरचे छायाचित्र उचलून सगळ्यांच्या वर लावले जाते. टोनीने काकांना काय देऊ केले होते ते त्या एका कृतीत दिसते.

सही-शिक्का

जुना वकील यांनी तक्त्याचा उल्लेख केला आणि मला लिहावेसे वाटले. हे माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे.

निवृत्तीनंतर मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा अध्यक्ष झालो. मला ते पद आग्रहाने दिले गेले, सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि मी मनापासून सुखावलो होतो हे मला नाकारायचे नाही. रंगकाम कोणाला द्यायचे, पार्किंग कोणाला मिळायचे, हे सारे माजी सचिवांच्या घरी रात्री जेवणानंतर ठरत असे. सकाळी फाइल माझ्याकडे येई आणि मी सही करत असे. तीन वर्षांनी लेखापरीक्षणात एका कामाच्या निविदाच नसल्याचे निघाले. नोटीस आली ती माझ्या नावावर. माजी सचिवांचे नाव एकाही कागदावर नव्हते.

शाईपेन, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. चौकशीच्या वेळी मला विचारले गेले की हे निर्णय प्रत्यक्षात कोण घेत होते. मला खरे सांगता आले असते. मी म्हणालो, ‘अध्यक्ष मी होतो, निर्णय माझे आहेत.’ माजी सचिवांविषयी मला यत्किंचितही निष्ठा नव्हती, त्या दिवशी तर संताप होता. पण समोर बसलेल्या, माझ्या मुलाच्या वयाच्या अधिकाऱ्याला ‘मला कोणी विचारत नव्हते, मी फक्त सही करत होतो’ हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. दुसऱ्यांदा तो शेवटचा भाग पाहिला तेव्हा ज्युनिअरचा चेहरा मला समजला.

शाईपेन

सही-शिक्का, आपण हे इतक्या मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. माझा ‘अहंकार’ हा शब्द आता मलाच कोता वाटतो आहे.

हडसनकाठ

मी गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत राहतो, एडिसनजवळ. आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना न्यूयॉर्क पाहायचे असते. नदीच्या अलीकडच्या बाजूला राहणाऱ्यांना पलीकडच्यांच्या लेखी आपण दुय्यम आहोत ही जाणीव रोज असते, आणि ही मालिका त्या जाणिवेवर उभी आहे. न्यूयॉर्कच्या लुपर्टाझी टोळीचे लोक जर्सीच्या टोळीला बरोबरीची कधीच मानत नाहीत. त्यांच्यातला फिल लिओटार्डो तर तिला नुसती एक गल्लीतली टोळी समजतो. खऱ्या जगातही जर्सीत डीकॅव्हलकांटे नावाची टोळी होती. मालिका सुरू झाली त्याच वर्षी एफबीआयने ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणात तिचे सदस्य या मालिकेतली माणसे म्हणजे आपणच का, अशी चर्चा करताना सापडले. आपल्यावर मालिका निघाली याचे त्यांना अप्रूप वाटत होते.

गॅलरीतली खुर्ची यांनी ब्लूमफील्डचा उल्लेख केला. माझे तिकडे कामानिमित्त जाणे असते. ते एक साधे गाव आहे, चित्रपटात दाखवण्याजोगे त्यात काही नाही. पण मालिकेचा शेवटचा प्रसंग ज्या हॉल्स्टन्स या जुन्या आइस्क्रीमच्या दुकानात चित्रित झाला ते दुकान ब्लूमफील्डमध्येच आहे. काकांना पद देऊन टोनीने जे गाव मागून घेतले, त्याच गावातल्या एका टेबलाशी तो शेवटी बसलेला दिसतो. बायको येते, मुलगा येतो, कांद्याच्या तळलेल्या चकत्यांची थाळी येते, दार उघडले की तो मान वर करून पाहतो. हा योग लेखकांनी जाणूनबुजून साधला की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मी तिथे गेलो की मला तो सौदा आठवतो.

पिंपळपान

आतापर्यंत सगळी चर्चा शपथ घेतलेल्या पुरुषांची झाली. मला ज्यांनी शपथ घेतली नाही त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

एड्रियाना ही टोनीच्या हाताखालच्या ख्रिस्तोफरची वाग्दत्त वधू, कोणत्याही टोळीची सदस्य नव्हती. एफबीआयने तिला अडकवले, तिच्याकडून माहिती काढत राहिले, आणि शेवटी तिने ख्रिस्तोफरला सर्व सांगून टाकले, कारण तो आपल्याबरोबर येईल असा तिचा विश्वास होता. तिची निष्ठा एका माणसावर होती. ख्रिस्तोफरची निष्ठा टोनीवर होती, निदान त्या रात्री तरी. टोनीचा उजवा हात असलेला सिल्व्हिओ तिला गाडीत बसवून रानात नेतो तेव्हा ती ख्रिस्तोफर इस्पितळात आहे या समजुतीने निघालेली असते. पानांवरून हात टेकत रांगत जाणारी ती दिसते आणि मग कॅमेरा तिच्यामागे जात नाही. मी तो भाग एकदाच पाहिला आहे.

ख्रिस्तोफरला या निष्ठेचे काय मिळाले? टोनी त्याला आपला वारस म्हणत असे. सहाव्या सीझनमध्ये गाडीचा अपघात झाल्यावर टोनी त्याच जखमी ख्रिस्तोफरचे नाक दाबून धरतो. या टोळीत निष्ठा खालून वर वाहते. वरून खाली काय येते याचा हिशेब कोणीच मागत नाही, कारण मागणे हीच बेइमानी मानली जाते.

रात्रपाळी

पिंपळपान यांच्याशी सहमत, आणि त्यासाठी मी माझे वरचे मत थोडे बदलतो. सहाव्या सीझनच्या पहिल्या भागात टोळीतल्या यूजीन पॉन्टेकोर्व्होला वारसाहक्काने वीस लाख डॉलर मिळतात आणि तो टोनीकडे फ्लोरिडात निवृत्त होण्याची परवानगी मागतो. तू शपथ घेतली आहेस, असे सांगून ती नाकारली जाते. दुसऱ्या बाजूने एफबीआयही त्याला सोडत नाही, कारण तो त्यांचा खबरी आहे. तो गळफास घेतो, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. शपथ ही निष्ठेची खूण आहे असे मी समजत होतो. त्या प्रसंगात ती दाराची कडी आहे, आणि ती बाहेरून लावलेली आहे.

गॅलरीतली खुर्ची

आता टोनीच्या जुन्या साथीदाराविषयी, पॉलीविषयी लिहायला हवे, कारण मानाच्या भुकेचे त्याच्यासारखे उदाहरण दुसरे नाही.

चौथ्या सीझनमध्ये पॉली तुरुंगात असतो आणि टोनी आपली विचारपूस करत नाही असे त्याला वाटते. जॉनी सॅक ही नस ओळखतो. आमचा बॉस कारमाइन तुझी चौकशी करत असतो, तुझ्याबद्दल चांगले बोलतो, असे तो पॉलीला सांगत राहतो. एवढ्या शब्दांवर पॉली टोनीच्या धंद्याची माहिती न्यूयॉर्कला पुरवू लागतो. पैशासाठी त्याने हे केले असते तर समजण्याजोगे होते, पण पैसा कुठेच नाही. एका मोठ्या माणसाला आपले नाव ठाऊक आहे, एवढेच त्याला हवे होते.

मग एका लग्नात पॉली कारमाइनच्या टेबलापाशी जातो, हात पुढे करतो, आपले नाव सांगतो, आणि कारमाइन त्याला ओळखत नाही. त्या क्षणी पॉली साकारणाऱ्या टोनी सिरिकोच्या चेहऱ्यावर जे होते ते पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. हसू तसेच राहते आणि डोळे विझतात. त्याच भागात तो एका ओळखीच्या म्हातारीच्या घरात चोरी करायला घुसतो, तिचा जीव घेतो, आणि त्या पैशांचा जाड लिफाफा टोनीपुढे ठेवतो. पॉली परत आला तो मनाने की त्याला दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणून, हे मला सांगता येत नाही.

मनोविहार

निष्ठेचा एक नमुना तरी चांगला होता असे मी म्हणेन, आणि तो म्हणजे सिल्व्हिओ. टोनी गोळी लागून बेशुद्ध असताना तो काही काळ बॉसच्या खुर्चीत बसतो, आणि सगळ्यांचे तंटे सोडवता सोडवता त्याला दम्याचा झटका येऊन इस्पितळात न्यावे लागते. तिथे दिसते की ही खुर्ची नुसती मानाची नव्हती, तिला माणसाचा श्वास लागतो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पाचव्या सीझनचा शेवट. टोनी आपल्या मावसभावाला, टोनी ब्लंडेटोला, न्यूयॉर्ककरांच्या हवाली करायला तयार नसतो आणि त्यामुळे टोळीतल्या सर्वांचे जीव धोक्यात येतात. टोनी याला आपल्या माणसांमागे उभे राहणे म्हणतो. सिल्व्हिओ त्याला तोंडावर सांगतो की हे प्रेमापोटी चाललेले नाही, तुला जॉनीपुढे मान तुकवायची नाही, एवढेच याचे कारण आहे. तो हे बंद दाराआड, एकट्या टोनीला सांगतो, आणि बाहेर आल्यावर त्याच्याच बाजूने उभा राहतो. शाईपेन, तुम्ही ज्युनिअरमध्ये जो अहंकार पाहता तोच टोनीमध्येही आहे, आणि त्याने तेव्हा जवळपास युद्ध ओढवून घेतले होते.

पिंपळपान

आणि ज्याने हे सगळे नाकारले त्याला आपण विसरलो. कारमाइनचा मुलगा, लिटल कारमाइन. त्याच्या शब्दांच्या गोंधळामुळे प्रेक्षक त्याला मूर्ख समजतात. टोनी त्याला न्यूयॉर्कची गादी घेण्याचा आग्रह करतो तेव्हा तो आपल्याला पडलेल्या, वडिलांविषयीच्या स्वप्नाची हकिकत सांगतो, आणि आपल्या बायकोला लाँग आयलंडवरची सर्वांत श्रीमंत विधवा व्हायचे नाही, हेही सांगतो. खुर्ची नको म्हणण्याची ताकद त्या मालिकेत मला तरी दुसऱ्या कोणात दिसली नाही.

जुना वकील

मूळ प्रश्नाकडे परत येतो. ज्युनिअरच्या मौनाचा अर्थ ठरवताना आपण फक्त पहिल्या सीझनचा पुरावा पाहतो आहोत. दुसऱ्या सीझनमधली त्याची वागणूक विचारात घेतली पाहिजे.

तेव्हा तो प्रकृतीच्या कारणावरून घरी, नजरकैदेत आहे, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा आहे, आणि टोनीने त्याचे उत्पन्न उदरनिर्वाहापुरते ठेवले आहे. जॅकीचा भाऊ रिची अप्रिल टोनीला संपवण्याचा बेत घेऊन त्याच्याकडे येतो. ज्युनिअर त्याला लगेच नाही म्हणत नाही. आधी रिचीला बाकीच्यांचा पाठिंबा मिळवून आणू देतो, आणि तो मिळत नाही हे दिसल्यावर त्याचे मत ठरते की या माणसाला कोणी मानत नाही, आपल्याला टोनीच बरा. मग तो टोनीला सावध करतो. इथे निष्ठा नाही आणि अहंकारही नाही. इथे एका अनुभवी माणसाने केलेला हिशेब आहे, आणि तो हिशेब बरोबर निघतो. ज्याला आपण बुजगावणे म्हणतो आहोत त्याच्या एका वाक्यावर त्या क्षणी टोनीचा जीव अवलंबून होता. पद नावाचे असेना, लोक त्या दारी येत होते, आणि त्यामुळे तिथे बातमी येत होती.

तेव्हा पहिल्या सीझनमधल्या नकाराला माझ्या मते एकच कारण नाही. सही-शिक्का यांनी सांगितलेली लाज त्यात आहे, रात्रपाळी म्हणतात ती शपथ आहे, आणि सरकारकडे गेल्यावर आपण कोणीच उरणार नाही हा हिशेबही आहे. टोनीच्या दृष्टीने या कारणांतला फरक शून्य होता. काकांनी तोंड उघडले नाही आणि तो मोकळा राहिला. मेल्फीच्या सल्ल्यावरून त्याने म्हाताऱ्याला जो भास दिला, त्याच भासाने पुढे त्याला वाचवले. जे स्वतःच्या हाती होते असे ज्युनिअरला वाटत होते, ते नव्हतेच असे तो कसे म्हणणार होता?

सही-शिक्का

जुना वकील, आपण अगदी बरोबर मांडलेत. मला फक्त ‘भास’ या शब्दाविषयी एवढेच म्हणायचे आहे की त्याची शिक्षा भासाची नव्हती. ज्युनिअरने अटक सोसली, नजरकैद सोसली, चौथ्या सीझनमध्ये पूर्ण खटला सोसला, आणि तो खटलाही एका ज्यूरी सदस्याला धमकावल्यामुळे निकालाविना संपला. ज्या पदासाठी माणूस इतकी वर्षे देतो ते त्याच्यापुरते तरी खोटे राहत नाही.

शाईपेन

सर्वांचे आभार. मी काल रात्री शेवटच्या भागातला काका-पुतण्यांचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. ज्युनिअर सरकारी मनोरुग्णालयात खिडकीपाशी बसलेला आहे, दात नाहीत, जाड काड्यांचा चष्मा तेवढा ओळखीचा आहे. टोनी त्याच्या समोर बसतो. काकांनी त्याला ओळखलेले नाही. टोनी सांगतो की तुम्ही आणि माझे वडील, तुम्ही दोघे उत्तर जर्सी चालवत होता. ज्युनिअर विचारतो, ‘आम्ही?’ आणि मग म्हणतो, छान आहे की.

पहिल्यांदा पाहताना मला त्यात केवळ करुणा दिसली होती. काल मला टोनीकडे पाहवेना. पहिल्या सीझनमध्ये ज्याने काकांना खोटे पद दिले तोच आता त्यांना खरे सांगतो आहे, कारण ज्युनिअर आणि त्याचा भाऊ जॉनी यांनी एके काळी तो इलाका खरोखरच चालवला होता. ते ऐकायला काका उरलेले नाहीत. ज्युनिअर साकारणाऱ्या डॉमिनिक किआनेझे यांनी ‘आम्ही?’ हा शब्द इतक्या कुतूहलाने उच्चारला आहे की तो कोणा तिऱ्हाइताविषयी वाटावा.

हडसनकाठ

शाईपेन, त्याला जोडून एक गोष्ट सांगतो. २००६ मध्ये दाखवलेल्या सहाव्या सीझनच्या पहिल्या भागात ज्युनिअर भ्रमाच्या भरात टोनीवर गोळी झाडतो, तेव्हा तो त्याला टोनी समजत नसतो. त्याला समोर मलांगा दिसत असतो. हा मलांगा म्हणजे तोच, ज्याला ज्युनिअर मालिकेच्या अगदी पहिल्या भागात टोनीचा मित्र आर्टी याच्या रेस्टॉरंटमध्ये मारणार होता. काकांना उघड ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून आणि मित्राच्या रेस्टॉरंटचे नाव बदनाम होऊ नये म्हणून टोनीने ते रेस्टॉरंटच जाळून टाकले होते. सगळी स्मृती पुसली गेल्यावरही पुतण्याने मोडलेला तो पहिला हुकूम ज्युनिअरच्या डोक्यात शिल्लक राहिला होता.